आघातध्वनिनिरोधन, लाकडी जमिनीचे

इमारतीच्या वरच्या मजल्यावर पडणारी पावले, सरकविलेल्या खुर्च्या, हातातून निसटलेली भांडी, मुलांच्या उड्या यांमुळे निर्माण होणारा आवाज खालच्या मजल्यावरील खोल्यांत पोहोचू नये म्हणून जमिनीच्या बांधणीत ज्या योजना करतात, त्यांस आघातध्वनिनिरोधन असे म्हणतात. ‘जमीन’ हा शब्द येथे मजल्यावरील चालण्याचा पृष्ठभाग व त्याला आधार देणारी बांधणी या दोन्हींसाठी वापरला आहे. ओक, मॅपल, साग इ. कठीण लाकडांच्या फळ्यांखाली रबर, बूच, नमदा, फेसाळ प्लॅस्टिक यांसारख्या स्थितिस्थापक पदार्थाचा पातळ थर अंथरणे ही या योजनांपैकी सर्वांत प्रचलित योजना होय. या थरास अधःस्तर म्हणतात. अधःस्तरामुळे आवाज कमी होतो हे खरे. परंतु कोणता आवाज, कोणत्या बांधणीत व किती कमी होतो यासंबंधी घरमालकांत आणि बांधकाम व्यावसायिकांतही बराच गैरसमज आढळतो. अधःस्तर घातल्यावर टकटक थांबते, पण धपधप तशीच राहते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. त्याची कारणे भौतिकीय आहेत व ती ध्यानात न घेता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

‘कठीण लाकूड’ ही संज्ञा मुळात रुंद पानांच्या वृक्षांपासून मिळणाऱ्या लाकडास लावतात. अत्यंत मऊ असे बाल्सा लाकूडही त्याच वर्गात मोडते. ध्वनीच्या दृष्टीने लाकूड कोणत्या वृक्षाचे आहे यास फारसे महत्त्व नाही. पृष्ठभाग टणक असणे व जमिनीचे दर चौ. मी. क्षेत्राचे वजन कमी असणे या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

ध्वनीचे दोन प्रकार : बोलणे, गाणे, रेडिओ यांचा आवाज प्रथम हवेत निर्माण होतो व हवेच्या दाबातील बदलांमुळे भिंत किंवा जमीन कंप पावून तो पलीकडे जातो. यास वायुवाहित ध्वनी म्हणतात. आघातध्वनीत हवेचा टप्पा वगळला जातो. टाच किंवा पडलेली वस्तू जमिनीला प्रत्यक्ष ऊर्जा देते, जमीन कंप पावते आणि तिची खालची बाजू एखाद्या मोठ्या पडद्याप्रमाणे खालच्या खोलीतील हवा हलविते. एखाद्या भिंतीत वायुवाहित ध्वनी अडविण्यासाठी जे वजन पुरेसे होते, ते जमिनीत आघात अडविण्यास पुरेसे होतेच असे नाही. दीड वीत जाडीच्या काँक्रीटमधून शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, पण गोटी घरंगळलेली ऐकू येते, याचे कारण हेच. आघाताचे कंप जमिनीला जोडलेल्या भिंती, खांब व नळ यांमधूनही प्रवास करतात. या आडवाटेच्या प्रवासास पार्श्ववहन म्हणतात [⟶ ध्वनिकी].

आघाताचा आवाज कसा असेल हे आघात करणारी व आघात सोसणारी अशा दोन्ही वस्तूंवर अवलंबून असते. टणक व हलकी वस्तू टणक पृष्ठभागावर पडली, तर दोहोंचा संपर्क सेकंदाच्या अगदी अल्प अंशापुरता होतो व उच्च कंप्रतेचा, तीक्ष्ण आवाज निघतो. बुटाची टाच, पडलेला चमचा, कुत्र्याची नखे यांचा आवाज या जातीचा असतो. संपर्क जसजसा लांबतो तसतशी ऊर्जा नीच कंप्रतांकडे सरकते. अनवाणी माणसाच्या टाचेचे मांस स्वतःच एक मऊ गादी असते. परंतु तिच्यामागे शरीराचे सर्व वजन असते. त्यामुळे अनवाणी चालण्याने टकटक जवळजवळ होत नाही. होतो तो खोल, घुमणारा धपका व त्याची बहुतांश ऊर्जा १०० हर्ट्‌झच्या खाली असते. भारतीय घरांत पादत्राणे दाराबाहेर काढून ठेवण्याची रीत असल्याने पाश्चात्त्य देशांतील तक्रारींपैकी एक मोठा भाग येथे उद्‌भवत नाही, पण उरलेला भाग अधःस्तराला दाद न देणारा असतो.

ऐतिहासिक आढावा : लाकडी तुळया व फळ्या यांच्या जमिनीतून येणारा आवाज ही जुनी अडचण असून तिच्यावरचा जुना उपाय वजन हा होता. ब्रिटनमध्ये तुळयांच्या मधल्या पोकळीत राख, चुन्याचा गिलावा, दगडाची खडी किंवा कोरडी वाळू भरीत असत. स्कॉटलंडमध्ये या भरावाला ‘डेफनिंग’ म्हणजे ‘बहिरे करणे’ असे अर्थपूर्ण नाव आहे. जर्मनी व मध्य यूरोपातील जुन्या घरांतही फळ्यांखाली माती, वाळू वा धातुमळी यांचा भराव आढळतो.

महाराष्ट्रातील वाड्यांमधील कडीपाटाची रचना तत्त्वतः याच जातीची आहे. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या व फळ्यांवर मातीचा किंवा चुन्याचा जाड थर देऊन वरची जमीन सारवीत अथवा तिच्यावर फरशी बसवीत. १० सेंमी. जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौ. मी.ला सु. १६० किग्रॅ. भरते. हा थर आवाजासाठी घातलेला नसे; सपाट जमीन, उष्णतेपासून बचाव व आगीला अटकाव असे त्याचे इतर उपयोग होते. पण त्याने जमीन जड झाली, फळ्यांचा कंप दबला आणि वरचा पृष्ठभाग काहीसा मऊ राहिला, म्हणजे आघातध्वनी कमी होण्यास हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी त्यात साधल्या. याउलट ज्या जुन्या चाळींत व माड्यांत कड्यांवर नुसत्या फळ्या ठोकलेल्या आहेत, तेथे वरच्या बिऱ्हाडातील पाटा-वरवंट्याचा किंवा खलबत्त्याचा आवाज खालच्या बिऱ्हाडात घरातल्यासारखा ऐकू येतो. खलबत्त्याखाली गोणपाटाची जाड घडी घातली तर तो बराच उतरतो. अधःस्तराचे तत्त्व एवढेच आहे, फरक इतकाच की ते आघाताच्या एका जागेऐवजी साऱ्या जमिनीला लावले जाते.

विसाव्या शतकात प्रबलित काँक्रीटच्या लादीचा प्रसार झाल्यावर या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. १९३०–४० या दशकात जर्मनीत ठराविक वजनाच्या हातोड्या ठराविक उंचीवरून पाडणारी यंत्रे मापनासाठी वापरात आली. काँक्रीटच्या लादीवर खनिज लोकरीसारखा लवचिक थर व त्यावर सिमेंट मिश्रणाचा ४ ते ५ सेंमी. जाडीचा अखंड थर, अशा ‘तरंगत्या जमिनी’चा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीत तेथे मोठ्या प्रमाणावर झाला. तिचा गणिती सिद्धांत लोथार क्रेमर यांनी १९५२ साली मांडला. अमेरिकेत व कॅनडात मात्र निवासी इमारती मुख्यतः हलक्या लाकडी सांगाड्याच्या राहिल्या. तेथे हा प्रश्न बराच काळ गालिचाखाली झाकला गेला होता, असे शब्दशः म्हणता येईल. जाड गालिचा व त्याखालील गादी यांमुळे टाचेचा आघात उगमापाशीच मऊ होतो. पुढे गालिचे काढून कठीण लाकडाची जमीन उघडी ठेवण्याची आवड वाढली आणि दडलेला दोष ऐकू येऊ लागला. न्यूयॉर्क शहरातील भाडेकरारांत जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकलेला असावा अशी अट सर्रास घातलेली आढळते, ती याच कारणाने.

अधःस्तराचे कार्य : लवचिक थरावर ठेवलेली फळ्यांची जमीन म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेले वजन होय. अशा रचनेस स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. त्या कंप्रतेच्या आसपासचे कंप अनुस्पंदनामुळे कमी न होता उलट वाढतात. तिच्या सु. १·४ पटीच्या वर गेल्यावर निरोधनास प्रारंभ होतो व कंप्रता वाढेल तसे ते झपाट्याने वाढत जाते. नैसर्गिक कंप्रतेच्या खाली अधःस्तराचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून ही कंप्रता शक्य तितकी खाली आणणे हे सर्व योजनेचे सार आहे. खालची लादी पुरेशी जड असेल, तर नैसर्गिक कंप्रता पुढील सूत्राने मिळते : अधःस्तराची गतिकीय दृढता (मेगॅन्यूटन प्रती घ. मी.) भागिले वरच्या थराचे दर चौ. मी.चे द्रव्यमान (किग्रॅ.), या भागाकाराचे वर्गमूळ गुणिले १६०. उत्तर हर्ट्‌झमध्ये येते.

सूत्रातील आकडे बोलके आहेत. सिमेंट मिश्रणाचा ५ सेंमी. थर दर चौ. मी.ला सु. १०० किग्रॅ. भरतो. त्याखाली १० दृढतेची खनिज लोकर असली, तर नैसर्गिक कंप्रता सु. ५० हर्ट्‌झ येते; म्हणजे माणसाच्या कानाला त्रास देणारा जवळजवळ सर्व पट्टा निरोधनाच्या कक्षेत येतो. आता १८ मिमी. जाडीच्या कठीण लाकडाच्या फळ्या घेतल्या, तर त्यांचे वजन दर चौ. मी.ला जेमतेम १२ ते १३ किग्रॅ. भरते. त्याखाली ५० दृढतेचा रबरी थर घातल्यास नैसर्गिक कंप्रता सु. ३२० हर्ट्‌झवर जाते आणि खरे निरोधन ४५० हर्ट्‌झच्या पुढे सुरू होते. चमच्याचा खणखणाट या मर्यादेच्या वर असल्याने तो थांबतो. टाचेचा धपका मर्यादेच्या पुष्कळच खाली असल्याने तो विनासायास खाली उतरतो.

खालची जमीनही हलकी, म्हणजे तुळयांवरील प्लायवुडची असेल, तर परिस्थिती आणखी बिघडते. स्प्रिंगला टेकण्यास स्थिर पाया राहत नाही. दोन हलक्या फळ्या एका स्प्रिंगच्या दोन टोकांना हालत राहतात. वरच्या उदाहरणात खालच्या थराचे वजन १५ किग्रॅ. धरले, तर नैसर्गिक कंप्रता ४३० हर्ट्‌झच्या आसपास पोहोचते. शिवाय तुळयांसह सारी जमीन एकसंधपणे ज्या कंप्रतेने डोलते ती आणखी निराळी असते. अमेरिकेतील लाकडी इमारतींच्या अभ्यासातून ब्लेझियर व ड्यूप्री यांनी १९९४ मध्ये असे दाखविले की, ही मूळ कंप्रता सामान्यतः १५ ते ३५ हर्ट्‌झ यांच्या दरम्यान असते, पावलांची ऊर्जा नेमकी तेथेच एकवटते व प्रचलित हलक्या बांधणीत व्यवहार्य उपायांनी हा धपका पुरेसा कमी करता येत नाही. या निष्कर्षाचे गांभीर्य अधःस्तराच्या जाहिरातींत अर्थातच दिसत नाही.

मापन : आंतरराष्ट्रीय मानकातील ठोके-यंत्रात एका रांगेत १० सेंमी. अंतराने पाच हातोड्या असतात. प्रत्येकीचे वजन ५०० ग्रॅ. असून ती ४ सेंमी. उंचीवरून पडते, सर्व मिळून सेकंदाला १० ठोके पडतात. वरच्या खोलीत यंत्र चालू ठेवून खालच्या खोलीतील ध्वनिपातळी १०० ते ३,१५० हर्ट्‌झ या पट्ट्यात अष्टकाच्या तृतीयांशाच्या टप्प्यांनी मोजतात व तिची एका संदर्भ वक्राशी तुलना करून एकच आकडा काढतात. हा आकडा खाली उरलेल्या आवाजाचा असल्याने तो जितका कमी तितकी जमीन चांगली. अमेरिकेतील पद्धत उलटी आहे. तेथे त्याच ठोक्यांवरून आघातनिरोधन वर्ग नावाचा अंक काढतात व तो जितका मोठा तितकी जमीन चांगली मानतात. ११० मधून आंतरराष्ट्रीय आकडा वजा केला असता अमेरिकी अंक अंदाजाने मिळतो. परदेशी मालाची माहितीपत्रके वाचताना या उलटसुलटपणामुळे घोटाळा होतो.

१५ सेंमी. जाडीच्या उघड्या काँक्रीटच्या लादीसाठी आंतरराष्ट्रीय आकडा सु. ७५ डेसिबेल येतो; लादीचे वजन दुप्पट केले, तर तो सु. १० डेसिबेलांनी उतरतो. खाली छत नसलेल्या हलक्या लाकडी जमिनीचा आकडा ८५ किंवा त्याहूनही अधिक असू शकतो.

या यंत्रावर सर्वांत मोठा आक्षेप असा की, त्याची लहानशी धातूची हातोडी माणसाच्या पावलासारखी नाही. ती उच्च कंप्रतांचा आवाज भरपूर करते व ज्या कंप्रतांत पावलाचा जोर असतो त्या १०० हर्ट्‌झखालच्या पट्ट्याचा मूळ मापनात समावेशच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात ५० हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा विचारात घेणारी दुरुस्तीची संज्ञा जोडण्यात आली, पण तिचा वापर बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. जपानमध्ये घरात अनवाणी वावरण्याची रीत असल्याने तेथील तज्ञांना ही अडचण आधीच जाणवली. त्यांनी हातोड्यांच्या जोडीला मोटारीचा टायर पाडणारे यंत्र व पुढे २·५ किग्रॅ. वजनाचा पोकळ रबरी चेंडू १ मी. उंचीवरून पाडण्याची पद्धत प्रमाणित केली. हा चेंडू मुलाच्या उडीची बरीच चांगली नक्कल करतो. २०१० नंतर आंतरराष्ट्रीय मानकांनीही तो स्वीकारला. भारतीय घरांसाठी हातोड्यांपेक्षा चेंडूचे मापन अधिक उद्‌बोधक ठरेल, असे मानण्यास सबळ कारण आहे.

माहितीपत्रकांतील आकडे : अधःस्तराची गुणवत्ता सामान्यतः प्रयोगशाळेत जड काँक्रीटच्या लादीवर मोजतात. उघड्या काँक्रीटवर हातोडी पडली असता मुख्यतः तीक्ष्ण आवाज होतो आणि तोच घालविण्यात पातळ थर वाकबगार असतो. म्हणून ३ मिमी. फेसाळ प्लॅस्टिक किंवा ५ मिमी. रबर काँक्रीटवर १८ डेसिबेलांच्या आसपास सुधारणा दाखविते. तोच थर हलक्या लाकडी बांधणीवर घातल्यास सुधारणा पुष्कळदा याच्या निम्म्याहूनही कमी भरते, कारण तेथे मूळ आवाजच खालच्या कंप्रतांचा असतो. यामुळे आंतरराष्ट्रीय मानकात हलक्या लाकडी जमिनीसाठी स्वतंत्र संदर्भ बांधणी ठरवून दिलेली आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. अमेरिकी माहितीपत्रकांवर छापलेला मोठा अंक कित्येकदा एकट्या अधःस्तराचा नसून जाड काँक्रीटची लादी, तिच्याखाली टांगलेले जिप्समचे छत व वरचा अधःस्तर या सर्वांचा मिळून असतो. ज्या घरात असे छत नाही तेथे तो अंक निरर्थक होय. विकत घेण्यापूर्वी चाचणी कोणत्या बांधणीवर केली आणि अधःस्तर नसताना त्याच बांधणीचा अंक किती होता, हे दोन प्रश्न विचारल्यास बऱ्याच गोष्टी उलगडतात.

डेसिबेलांचा अर्थही ध्यानी ठेवावा लागतो. मध्यम कंप्रतांत १० डेसिबेलांची घट झाली म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. नीच कंप्रतांत कानाचे वर्तन निराळे असते व थोड्या डेसिबेलांचा फरकही स्पष्ट जाणवतो. म्हणून धपक्यात मिळविलेली ५ डेसिबेलांची घट टकटकीतील तेवढ्याच घटीपेक्षा मोलाची असते.

अधःस्तराचे पदार्थ : बूच हा यांतील सर्वांत जुना पदार्थ. पोर्तुगाल व भूमध्य सागरी प्रदेशांतील बूच-ओक वृक्षाच्या सालीपासून तो मिळतो. तो टिकाऊ आहे, पण चांगल्या निरोधनासाठी तो बऱ्यापैकी जाड लागतो. जुन्या टायरांच्या चुऱ्यापासून केलेले रबरी पट स्वस्त व जड भार सोसणारे असतात. फेसाळ पॉलिएथिलीन सर्वांत स्वस्त असले, तरी जड कपाटाखाली ते कायमचे दबते व दबलेला थर स्प्रिंगचे काम करीत नाही. लाकूडतंतूंचे मऊ फलक, नमदा, काच व खडक यांपासून केलेली तंतुलोकर हेही वापरात आहेत. तंतुलोकर ध्वनीच्या दृष्टीने उत्कृष्ट, पण ती इतकी मऊ असते की, तिच्यावर नुसत्या फळ्या टाकता येत नाहीत. पावलागणिक फळ्या लवतात, त्यांच्या खाचा-जिभांचे सांधे झिजून सुटतात व जमीन कुरकुरू लागते. कठीण लाकडाखाली ध्वनितज्ञाला हवा तेवढा मऊ थर सुताराला चालत नाही, ही या विषयातील मूळ कोंडी होय.

पुठ्ठ्यासारखा डांबरी कागद फळ्यांखाली घालण्याची अमेरिकेत जुनी पद्धत आहे. त्याचा उद्देश दमटपणा व कुरकुर टाळणे हा असून आघातध्वनीवर त्याचा परिणाम नगण्य असतो.

बांधणीतील दक्षता : अमेरिकेत १९ मिमी. जाडीच्या अखंड लाकडी फळ्या खालच्या प्लायवुडमध्ये खिळ्यांनी ठोकण्याची प्रथा आहे. मध्ये रबरी थर घातला व त्यातून खिळे आरपार गेले, तर प्रत्येक खिळा कंपांना खाली नेणारा पूल बनतो व रबराचा खर्च जवळजवळ निरुपयोगी होतो. यावर उपाय म्हणजे रबरी थरावर १२ मिमी. प्लायवुडचे दोन थर एकमेकांना तिरपे, सांधे चुकवून ठेवणे, ते फक्त एकमेकांनाच स्क्रूंनी जोडणे आणि वरच्या फळ्या आखूड खिळ्यांनी या जोडपटातच ठोकणे. यामुळे तरंगत्या भागाचे वजनही दुपटीने वाढते. २० दृढतेचा थर व २७ किग्रॅ. वजन असल्यास नैसर्गिक कंप्रता सु. १४० हर्ट्‌झपर्यंत उतरते. प्लायवुडऐवजी जड सिमेंट फलक वापरून वजन ५० किग्रॅ. केले, तर ती १०० हर्ट्‌झवर येते. त्यापुढे आणखी खाली जायचे तर वजन वाढविणे किंवा थर जाड करणे याखेरीज मार्ग नाही.

तरंगत्या जमिनीचा भिंतीशी संपर्क येता कामा नये. कडेने १० ते १२ मिमी. फट ठेवून तीत मऊ पट्टी बसवितात. भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी भिंतीला ठोकतात, जमिनीला टेकवीत नाहीत. ही फट दुहेरी कामाची आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, लाकूड फुगते व त्याला पसरण्यास जागा लागते. कारागिराने ‘नीटनेटके दिसावे’ म्हणून ती फट सिमेंटने किंवा लांबीने भरून टाकली, तर जमीन मध्यभागी उचलली जाते आणि ध्वनिनिरोधनही नाहीसे होते. नळ व दाराच्या चौकटीपाशी हीच काळजी घ्यावी लागते. प्रत्यक्षात बिघडलेली कामे पाहिली असता दोष पदार्थात कमी व अशा कडांत अधिक सापडतो.

पातळ फळ्या फेसाळ थरावर सैल टाकल्या म्हणजे खालच्या खोलीतील टकटक घटते, पण वरच्या खोलीत चालणाऱ्यालाच पोकळ, पत्र्यासारखा आवाज ऐकू येऊ लागतो. जड व किंचित संदमन करणारा रबरी थर या बाबतीत बरा.

छताकडून उपाय : त्रास खालच्या माणसाला होतो आणि जमीन वरच्याच्या मालकीची असते, म्हणून खालून काही करता येते का हा प्रश्न वारंवार विचारला जातो. लाकडी बांधणीत तुळयांना धातूच्या लवचिक पट्ट्या आडव्या बसवून त्यांवर जिप्सम फलकांचे दोन थर लावणे व पोकळीत तंतुलोकर भरणे हा बऱ्यापैकी परिणामकारक उपाय आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९० नंतरच्या दशकात अशा अनेक जमिनींची पद्धतशीर चाचणी केली. छताच्या स्क्रूंपैकी काही जरी पट्टीऐवजी थेट तुळईत गेले, तरी परिणाम बराच घटतो. निव्वळ पोकळीत लोकर भरून छत तुळयांनाच ठोकले, तर फायदा थोडाच होतो. काँक्रीटच्या लादीखाली शोभेसाठी टांगलेले नेहमीचे छत धपका फारसा थांबवीत नाही, शिवाय भिंतींतून येणारे पार्श्ववहन त्याच्या कक्षेबाहेरच राहते. आघात जेथे होतो तेथेच तो मऊ करणे नेहमीच स्वस्त पडते. ज्याला स्वस्त पडते त्याला त्रास होत नाही, आणि शेजाऱ्यांतील अनेक भांडणे येथूनच सुरू होतात.

नियम : इंग्लंडमध्ये २००३ पासून लागू असलेल्या मार्गदर्शनानुसार नव्या सदनिकांच्या मजल्यांतून येणारी प्रमाणित आघातपातळी ६२ डेसिबेलांहून व जुन्या इमारतींचे रूपांतर केलेल्या सदनिकांत ६४ डेसिबेलांहून अधिक असू नये. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत प्रयोगशाळेत ५० किंवा प्रत्यक्ष जागेवर ४५ इतका आघातनिरोधन वर्ग आवश्यक धरला आहे. ध्वनितज्ञांच्या मते हा अंक तक्रारी टाळण्यास पुरेसा नाही. दक्षिण कोरियात, जेथे बहुसंख्य लोक उंच इमारतींतील सदनिकांत राहतात, वरच्या मजल्याचा आवाज हा सार्वजनिक प्रश्न बनला असून तेथे काँक्रीटच्या लादीची किमान जाडी २१ सेंमी. ठरविण्यात आली आहे. २०२२ पासून बांधकाम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मापन करण्याचा दंडकही तेथे आहे.

भारतात औद्योगिकेतर इमारतींच्या ध्वनिनिरोधनाची भारतीय मानक संहिता १९६२ साली तयार झाली व राष्ट्रीय इमारत संहितेत या विषयाला स्वतंत्र विभाग आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल या मर्यादा घातल्या. परंतु त्या परिसरातील आवाजाच्या आहेत, मजल्यातून उतरणाऱ्या आघाताच्या नव्हेत. येथील सदनिकांत काँक्रीटच्या लादीवर सिमेंटचा थर व त्यावर फरशी थेट बसवितात. लवचिक थर मध्ये नसल्याने सर्व बांधणी एकजीव व ताठ होते. फरशी न उखडता तिच्यावरच पातळ थर व लाकडी फळ्या टाकण्याची जी पद्धत शयनगृहांत रूढ झाली आहे, तिच्यामुळे खुर्च्यांचा खरखराट व पडलेल्या वस्तूंचा आवाज खाली निश्चित कमी ऐकू येतो, कारण येथे पाया जड काँक्रीटचा असतो.

जुन्या लाकडी वाड्यांत व चाळींत स्थिती वेगळी आहे. तेथे आवश्यकता वजनाची असते. ब्रिटनमधील जुन्या मार्गदर्शनात तुळयांमधील भरावाचे वजन दर चौ. मी.ला ८० किग्रॅ. सुचविले होते, १२ चौ. मी.च्या खोलीत हा भार सु. ९६० किग्रॅ. म्हणजे जवळजवळ एक टन होतो. वाळवी लागलेल्या किंवा भिंतीतील टोके कुजलेल्या तुळयांना तो पेलवेलच असे नाही. स्नानगृह व मोरी यांखाली वाळूचा भराव तर मुळीच घालू नये, कारण गळतीने भिजलेली वाळू आणखी जड होते व लाकूड ओले ठेवते. अशा इमारतींत भराव किंवा सिमेंट फलक घालण्यापूर्वी प्रत्येक तुळईची टोके उघडून संरचना अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक असते. भार सोसणार नाही असे आढळल्यास खालच्या बाजूने, तुळयांना न टेकता भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र कड्यांवर उभारलेले छत हा पर्याय उरतो. त्यासाठी खोलीची १५ ते २० सेंमी. उंची खर्ची पडते.